झरोके बुजवण्याआधी: जुन्या सार्वजनिक इमारती सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वारसा संवर्धन समितीचे सदस्य, तसेच नागपुरातील जुन्या सरकारी व सार्वजनिक इमारतींची देखभाल पाहणारे सर्व स्थापत्य आणि विद्युत अभियंते

विषय: जुन्या इमारतींमध्ये वातानुकूलन यंत्रे बसवताना मूळची वायुवीजन व्यवस्था बंद करण्यात येऊ नये, याबाबत.

महोदय, महोदया,

सिव्हिल लाइन्स भागातील एका जुन्या सार्वजनिक इमारतीत गेल्या मे महिन्यात कागदपत्रांच्या कामासाठी माझे तीन-चार वेळा जाणे झाले. इमारतीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे जे पाहिले ते शहरात इतर ठिकाणीही पाहिले आहे, आणि एखाद्या कार्यालयाला दोष देण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ज्या दालनात मला बसवले, त्याचे मूळ छत सुमारे अठरा फूट उंच आहे. भिंतीच्या माथ्याशी दोरीने उघडता-मिटता येणाऱ्या झरोक्यांची रांग आहे, म्हणजे होती. आता दहा फुटांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत आले असून झरोके त्याच्या वर अंधारात गेले आहेत, आणि बाहेरून त्यांवर प्लायवूड ठोकलेले दिसते. भिंतींवर सहा स्प्लिट एसी आहेत. त्यांची बाहेरची यंत्रे मागच्या व्हरांड्यात ओळीने ठेवली आहेत आणि त्यांच्या पाण्याच्या नळ्या भिंतीच्या पायाशी मोकळ्या सोडल्या आहेत. त्या जागी भिंत हिरवी पडली होती आणि गिलावा फुगला होता. मी अंगठ्याने दाबून पाहिले तर चुन्याची भुकटी होऊन हातात आली.

माझ्या खिशात सवयीने लहान तापमापक असतो. अंगणातल्या कडुनिंबाखाली त्याने 43 अंश दाखवले आणि त्या व्हरांड्यात 49. सहा यंत्रे दालनातली उष्णता जिथे ओतत होती, तिथलीच हवा पुन्हा ओढून घेत होती, आणि यंत्राला मिळणारी हवा जितकी गरम तितकी त्याची गार करण्याची ताकद कमी आणि विजेचा खर्च जास्त, हे आपणा अभियंत्यांना मी सांगायला नको. टेबलामागचे लिपिक मात्र नेमक्या शब्दांत बोलले: "सकाळी बरं असते जी, पण दोन वाजले की हे सगळे एसी नुसते आवाज करतात."

मी सेवानिवृत्त यांत्रिकी अभियंता आहे. तापवणे आणि गार करणे, दोन्ही प्रकारच्या संयंत्रांवर पस्तीस वर्षे काम केले, तेव्हा एसीबद्दल माझ्या मनात आकस असण्याचे कारण नाही. त्याच यंत्रांवर माझे घर चालले. तक्रार एवढीच आहे की यंत्र आणताना इमारतीचे स्वतःचे यंत्र मोडले जाते, आणि ते मोडले गेल्याची नोंदसुद्धा कुठे होत नाही. ही गोष्ट मला नीट कळली ती नागपुरात नव्हे, तर मुलाकडे राहायला गेलो असताना, स्कॉटलंडमधल्या एका लहान गावाच्या शंभर वर्षांहून जुन्या सार्वजनिक वाचनालयात. विषय थंड देशातला असला तरी आपल्या कामाचा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

त्या वाचनालयात प्रत्येक खिडकीखाली बिडाचा रेडिएटर, म्हणजे आत गरम पाणी खेळवून खोली तापवणारे साधन, उभा होता: कमरेइतका उंच, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या पोकळ खांबांची रांग, पायाशी पंजाचा आकार. एका सकाळी त्यातला एक रेडिएटर खाली गरम आणि वर थंडगार लागत होता. तिथला देखभाल करणारा म्हातारा गृहस्थ आला, त्याने खिशातून चौकोनी भोकाची पितळी किल्ली काढली, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा चकतीला लावून पाव फेरा दिला आणि खाली फडके धरले. आधी हवेचा फुस्स आवाज आला, मग थुंकल्यासारखे पाणी, मग पाण्याची सरळ बारीक धार. त्याने किल्ली फिरवून बंद केली. आत अडकलेली हवा वर साचते, पाण्याला वर चढू देत नाही, म्हणून वरचा भाग थंड राहतो, एवढेच त्या दुखण्याचे कारण. मी मागे उभा राहून हात लावून पाहत होतो, दहा मिनिटांत रेडिएटर माथ्यापर्यंत तापला. त्याने मला सांगितले की तळघरातला बॉयलर आजवर तीनदा बदलला. पूर्वी कोळशाचा होता, मग तेलाचा, आता गॅसचा. रेडिएटर मात्र पहिलेच आहेत.

ही गरम पाण्याची व्यवस्था फार साधी आहे. पाणी तापले की हलके होते. 80 अंशांच्या एक घनमीटर पाण्याचे वजन साधारण 972 किलो, तर 60 अंशांच्या पाण्याचे 983 किलो. या अकरा किलोंच्या फरकावर जुन्या इमारतींतले पाणी पंपाशिवाय फिरत असे: बॉयलरमधून हलके पाणी वर चढे, खोल्यांत उष्णता देऊन जड झालेले पाणी आपसूक खाली येई. ओढ इतकी मंद असल्याने नळ जाड ठेवावे लागत आणि त्यांना अचूक उतार द्यावा लागे. इंग्लंडमध्ये अँजिअर मार्च पर्किन्स याने 1831 मध्ये बारीक, जाड पत्र्याच्या आणि पूर्ण बंद नळ्यांतून उच्च दाबाचे पाणी फिरवण्याचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला रेडिएटर म्हणतो त्याचा शोध 1850 च्या दशकात सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान गाली याने लावला असे मानले जाते. नाव रेडिएटर असले तरी तो बरीचशी उष्णता किरणांनी नव्हे तर अंगाला लागून वर चढणाऱ्या हवेतून देतो. खिडकीखाली तो ठेवतात तेही याच कारणाने: थंड काचेवरून घसरणाऱ्या हवेला तो खालून गाठतो आणि माणसाच्या पायांना वारा लागू देत नाही. त्याला हौसेने चंदेरी रंग दिला तर त्याची उष्णता टाकण्याची क्षमता उलट घटते, आणि अनेक ठिकाणी तसा दिलाही गेला. धड चालणारी वस्तू सजवायला जाऊन बिघडवण्याची खोड फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नये.

आता तिकडेही गॅसचे बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर आत ओढणारे यंत्र, बसवण्याचा विचार सुरू आहे, आणि तिथे या जुन्या बिडाच्या वस्तूंची खरी परीक्षा लागते. हीट पंप कमी तापमानाच्या पाण्यावर किफायतशीर चालतो. पण खोली 20 अंशांवर ठेवायची असेल आणि रेडिएटरमधल्या पाण्याचे सरासरी तापमान 70 वरून 50 वर आणले, तर त्याची उष्णता जवळजवळ निम्मी होते. उरलेल्या निम्म्यात भागवायचे असेल तर दोनच मार्ग: रेडिएटरचे अंग मोठे हवे किंवा इमारतीची गळती कमी हवी. जुने रेडिएटर बहुधा ऐसपैस मापाचे असतात, खिडक्यांच्या फटी बुजवल्या की गळती घटते, आणि मग ते पुन्हा कामाला येतात. यंत्र बदलते, अंग राहते, हा तिथला सरळ हिशेब आहे.

आपल्याकडे रेडिएटर नाहीत आणि नागपूरला ते लागतही नाहीत. 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला तेव्हाही शहराने शेकोटीवर भागवून नेले. आपली झुंज उन्हाशी आहे. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंशांची नोंद झाली. (2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेला 56 अंशांचा आकडा उपकरणातल्या बिघाडाचा होता, तरी तो लोकांच्या मोबाइलवर अजून फिरतो आहे.) पण रेडिएटरच्या तोडीचे अंग आपल्या इमारतींनाही आहे, ते लोखंडाचे नाही, म्हणून सामानाच्या यादीत येत नाही. 1863 चे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, 15 जानेवारी 1925 रोजी उद्घाटन झालेली रेल्वे स्थानकाची इमारत, हेन्री मेड यांनी आराखडा केलेली आणि 6 जानेवारी 1940 रोजी खुली झालेली उच्च न्यायालयाची इमारत, ही सगळी बांधकामे खोलीला एसी बसवण्याची चाल येण्यापूर्वीची आहेत, आणि तेव्हाही त्यांत माणसे मे महिन्यात बसून काम करत होती.

ती कशाच्या जोरावर बसत होती, ते मी लहानपणी पाहिले आहे. माझे वडील सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात कारकून होते. शाळेला सुट्टी लागली की त्यांचा डबा पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असे. बाहेर डांबर पायाला चिकटत असे, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या चढून आत गेले की पहिल्यांदा जाणवे तो वाळ्याचा वास. पश्चिमेच्या प्रत्येक दारात वाळ्याची ताटी उभी केलेली असे. एक माणूस दिवसभर बादली आणि टिनाचा डबा घेऊन फिरे आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकही कोरडा पट्टा न सोडता पाणी मारत जाई. कोरडा पट्टा राहिला की तिथून झळ आत येते, म्हणून तो ताटीवर तळहात फिरवून पाही. ताटीतून आलेली गार हवा जमिनीलगत पसरे आणि माणसांच्या, दिव्यांच्या उबेने तापलेली हवा वर चढून झरोक्यांतून बाहेर जाई. झरोका बंद असता तर ताटीतून हवा आत येण्याला ओढच राहिली नसती. आजही नागपुरात मार्च लागला की लोक 'कूलरच्या ताट्या बदलायच्या आहेत' असेच म्हणतात. ताटी दारातून निघून पत्र्याच्या डब्यात गेली, पण नाव घेऊन गेली.

याचा हिशेबही मांडून ठेवतो, म्हणजे हे केवळ म्हाताऱ्याचे आठवणीत रमणे वाटणार नाही. बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे 24 अंश दाखवतो. बरी ताटी किंवा कूलर या दोहोंमधले अंतर ऐंशी टक्के कापू शकतो, म्हणजे आत येणारी हवा 28 अंशांच्या आसपास असते. तासाला एक लिटर पाणी उडाले की सुमारे 675 वॅट इतकी उष्णता शोषली जाते. दीड टनी एसीच्या बरोबरीचे काम करायला तासाला आठ लिटरच्या आसपास पाणी लागते. दोन फूट जाडीची चुन्यात बांधलेली भिंत दुपारचे ऊन आत पोहोचवायला दहा-बारा तास किंवा अधिक घेते, म्हणजे झळ आत पोहोचेपर्यंत कार्यालय सुटलेले असते आणि रात्रीची हवा झरोक्यांतून खेळती असेल तर ती भिंत पहाटेपर्यंत पुन्हा निवते. खोटे छत टाकून आणि झरोके बुजवून आपण हे रात्रीचे निवणे बंद केले आहे. भिंती आता दिवसेंदिवस साठत गेलेली उष्णता धरून बसतात आणि सकाळी दहाला सुरू होणारा एसी आधी त्या भिंतींशी झगडतो.

या जुन्या पद्धतीच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. जुलैत हवा दमट झाली की कूलर नुसता वारा देतो आणि कागद मऊ पडतात. जिथे जुनी दप्तरे, हस्तलिखिते किंवा संग्रहालयाच्या वस्तू आहेत तिथे पाण्याचे कूलर लावू नयेत, असेच माझे मत आहे. कूलरच्या टाकीत पाणी साचले की डेंग्यूचे डास होतात, आणि उन्हाळ्यात पेंच धरणातून शहराला येणारे पाणी मोजून वापरायचे असताना रोज हजारो लिटर पाणी हवेत उडवणे सहज परवडणारे नाही. न्यायदालन, संगणक कक्ष, ज्येष्ठ नागरिकांची गर्दी होणारी खिडकी, इथे एसी हवाच. म्हणून ताट्या परत आणा असे मी म्हणत नाही.

माझे म्हणणे त्या पितळी किल्लीवाल्या गृहस्थाचेच आहे: बॉयलर बदला, रेडिएटरला हात लावू नका. आणि इथे गरम पाण्याची ती व्यवस्था उलटी करून वापरता येते, हे मला आपल्यापुढे विशेष आग्रहाने मांडायचे आहे. पाणी आकारमानाला आकारमान धरले तर हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे हवेच्या जंगी डक्टचे काम मनगटाएवढ्या नळांची एक जोडी करू शकते. आवाराच्या एका कोपऱ्यात, इमारतीपासून दूर, सावलीत आणि मोकळ्या हवेत पाणी गार करणारे एकच संयंत्र ठेवले, तिथून उष्णतारोधक वेष्टणातले नळ व्हरांड्याच्या कडेने आणले आणि प्रत्येक दालनात खिडकीखाली किंवा कपाटाच्या उंचीचे एक पंखा-कॉइल यंत्र (गार पाण्याच्या वेटोळ्या नळीवरून पंख्याने हवा फिरवणारे) ठेवले, तर चाळीस स्प्लिट एसींसाठी दगडी भिंतीला पाडायची चाळीस भोके वाचतात, व्हरांडे मोकळे राहतात आणि खोट्या छताची गरजच उरत नाही. उद्या तंत्र बदलले तर संयंत्र बदलेल, भिंतीला पुन्हा हात लागणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दवबिंदू 24-25 अंशांपर्यंत जातो, त्याखालच्या तापमानाच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटते. म्हणून उघडे नळ किंवा नुसते पॅनेल चालणार नाही; प्रत्येक यंत्राखाली पाण्याची ताटली आणि ते पाणी भिंतीवर नव्हे, तर गटारापर्यंत नेणारी नळी लागेल. स्प्लिट एसीच्या बाबतीत जी चूक आज दिसते, तीच पुढच्या व्यवस्थेत पुन्हा होऊ नये एवढ्यासाठी हे लिहितो. एकरकमी खर्च जास्त येतो हे खरे आहे, आणि निविदा एकेका दालनाच्या निघत असल्याने हा पर्याय कुणाच्या टेबलावर येतच नाही, हेही तितकेच खरे आहे.

चुन्याच्या भिंतींबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. ठिबकलेल्या पाण्याने खराब झालेली जागा सिमेंटच्या गिलाव्याने झाकण्याची पद्धत सर्रास दिसते. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते. मग ओल वर चढते, क्षार बाहेर येतात आणि पुढच्या वर्षी फूटभर वर पुन्हा तेच काम निघते. आधी पाणी थांबवावे आणि मग चुन्यानेच दुरुस्ती करावी, हे काम करणारे गवंडी कमी झाले असले तरी संपलेले नाहीत.

तर आपणांस माझी विनंती अशी. कोणत्याही जुन्या सार्वजनिक इमारतीत नवे वातानुकूलन मंजूर करण्यापूर्वी तिच्या प्रत्येक झरोक्याची, जाळीची, हवेच्या वाटेची नोंद एका वहीत करून घ्यावी: कुठे आहे, उघडतो की नाही, कधी बंद केला, कशासाठी. आज ही वही कुठल्याही इमारतीची असल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि जे नोंदलेले नाही ते बुजवताना कुणाची परवानगी लागत नाही. वारसा यादीत दर्शनी भाग, कमानी, घुमट यांचा विचार होतो; झरोक्याची दोरी आणि ती ज्या कप्पीवरून जाते ती पितळी कप्पी यांचाही व्हावा. बाहेरची यंत्रे व्हरांड्यात ठेवण्यास सरसकट मनाई व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, कामाच्या आदेशात एक ओळ लागते.

आणि मोठ्या खर्चाच्या आधी एका दालनात एका उन्हाळ्यापुरता प्रयोग करून पाहावा. एकाच इमारतीतली एकाच दिशेची दोन दालने घ्यावीत. एकात आज आहे तसेच राहू द्यावे. दुसऱ्यात खोटे छत काढून झरोके मोकळे करावेत, ते रात्री उघडण्याची आणि सकाळी आठला मिटण्याची जबाबदारी एका माणसाला द्यावी, गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा लेप द्यावा, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून पडदे लावावेत आणि एसी आहेत तेच चालू द्यावेत, फक्त त्यांची बाहेरची यंत्रे व्हरांड्यातून मोकळ्यावर न्यावीत. दोन्हीकडे तापमापक आणि विजेचे स्वतंत्र मीटर लावून नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत रोज तीन वेळा आकडे लिहावेत. फरक पडला नाही तर मी माझे म्हणणे जाहीरपणे मागे घेईन.

झरोके रात्री उघडे ठेवण्याला सुरक्षा रक्षकांचा आणि कबुतरांचा आक्षेप येईल, हे मी धरून चाललो आहे. पहिल्यासाठी लोखंडी गज बहुतेक ठिकाणी मूळचेच आहेत, आणि दुसऱ्यासाठी बारीक जाळी पुरते. ती बसवताना झडप पूर्ण मिटते की नाही एवढे पाहावे, नाहीतर लू सरळ आत येते.

या कामासाठी चार तापमापक, दोन आर्द्रतामापक आणि माझा वेळ मी विनामोबदला देईन. होळीनंतर शहरात कूलर बाहेर निघतात, तेव्हा निविदांचीही घाई सुरू होते. त्याआधी, शक्यतो फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, आपल्यापैकी कुणी त्या दालनाच्या खोट्या छताची एक फळी काढून वर टॉर्च मारून पाहण्यास तयार असेल, तर शिडी मी घेऊन येतो. गेल्या मे महिन्यात तिथल्या शिपायाने मला एका कोपऱ्यातून डोकावू दिले होते. झरोक्यांच्या चौकटी सागवानी आहेत, त्यांना वाळवी लागलेली दिसली नाही, आणि निदान दोन कप्प्यांवर दोरी अजून शाबूत आहे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त यांत्रिकी अभियंता,
धरमपेठ, नागपूर